राक्षसांची बदली

कमलाकर पोंक्षे या माणसाच्या घरात कुठली वस्तू बंद पडत नसे. तो पडूच देत नसे. गॅसची नळी कडक व्हायच्या आत बदललेली, नळाचा वायसर ठिबकायच्या आत बदललेला, भिंतीवरच्या घड्याळात दर पाडव्याला नवा सेल, मग जुन्यात जीव असो नसो. नवीन पनवेलच्या त्या बिल्डिंगीत लोक त्याला हसायचे. वरच्या मजल्यावरच्या कमळाबाई तर तोंडावर म्हणायच्या, "पोंक्षे, तुमचं चाललं तर तुम्ही दातसुद्धा पडायच्या आधी बदलून आणाल हो!" पण त्याला त्यात विनोद दिसायचा नाही. रसायनीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सच्या स्टोअरमध्ये त्याची उमर गेली होती, आणि तिथे एकच मंत्र होता: मोडायच्या आधी बदला.

आणि एवढा जागरूक माणूस, पण घरात बायको झिजत चालली होती ते त्याला दिसलं नाही. सुमती वर्षभर म्हणत होती, पोटात दुखतंय. म्हणायची पण कशी, तर भाजीला मीठ कमी पडलंय म्हणावं तशी. हा तिला ओव्याचा अर्क द्यायचा. शेवटी मुंबईला नेऊन दाखवलं तेव्हा डॉक्टर फाईल मिटत म्हणाले, जरा आधी आणायला हवं होतं. पुढच्या पावसाळ्याआधी ती गेली. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, तशातली गत. फक्त हा पठ्ठ्या त्यानंतर झोपे बांधतच सुटला. चांगला चालणारा मिक्सर दुरुस्तीला, चांगली जळणारी ट्यूब कचऱ्यात.

घरात उरली ती इरा. तेरा वर्षांची, आईसारखीच बारीक हाडाची. आई गेल्यापासून तिचं बापाशी बोलणं मोजक्या शब्दांवर आलं होतं. हं. नको. ठेवा तिथे. भांडत नव्हती, रुसत नव्हती, अभ्यास वेळेवर करत होती. त्यामुळे तक्रार करायलाही जागा नाही! कमलाकर रोज संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरताना काहीतरी विषय काढायचं ठरवायचा, आणि दार उघडलं की तो विषय चपलांबरोबर बाहेर राहायचा.

आता राक्षसांचं सांगायला हवं.

सुमतीचा धाकटा भाऊ गुरुदत्त बोटीवर इंजिनिअर होता. त्याने दोन वर्षांपूर्वी जपानहून भाचीला एक हातात धरून खेळायचा गेम आणला होता. साबणाच्या डबीहून थोडा मोठा डबा, त्यात मागून कॅसेट खुपसायची. पडद्यावर एक छोटीशी दुनिया: डोंगर, गवत, गुहा, आणि त्यात लपलेले राक्षस. ते पकडायचे, वाढवायचे, दुसऱ्यांच्या राक्षसांशी लढवायचे. सगळी भाषा जपानी. इराने कुठलं बटण दाबलं की काय होतं ते धडपडत, चुकत शिकून घेतलं. राक्षसांना नावं तेवढी आपण द्यायची, इंग्रजी अक्षरांत.

सुमती अंथरुणाला खिळली तेव्हा एक दिवस सहज म्हणाली, "दाखव गं, काय असतं ते." झालं! त्या दिवसापासून मायलेकी दोघी त्यात. इरा बटणं दाबायची, सुमती उशीवरून हुकूम सोडायची. नावं सगळी सुमतीची. इरा दमली की ती स्वतः खेळायची, औषधाची बाटली लावलेल्या हातानेसुद्धा. कमलाकर दारात येऊन म्हणायचा, "इरा, आईला पडू दे जरा." दोघी गप्प व्हायच्या, आणि तो वळला की खुसखुस सुरू. आत काय चाललंय हे त्याने कधी विचारलं नाही. तो औषधांच्या वेळा सांभाळत होता.

सुमती गेल्यावर इरा खेळायची थांबली. रोज संध्याकाळी ती तो डबा चालू करायची, सगळे राक्षस जागच्या जागी आहेत ना बघायची आणि बंद करून आईच्या पावडरच्या डब्यात ठेवून द्यायची. घरकामाला येणारी साळू म्हणायची, "सायेब, पोर देवाला दिवा लावल्यासारकी करते बगा रोज." कमलाकरला हे कळत होतं. काय बोलावं ते कळत नव्हतं.

नव्याण्णव साल संपत आलं आणि गुरुदत्त सुट्टीवर आला, तो त्याच गेमचा दुसरा भाग घेऊन. सोबत आणखी एक डबा आणि दोन डबे जोडायची वायर. जमिनीवर मांडी घालून त्याने भाचीला समजावलं. दुसऱ्या भागात नवा मुलूख, नवे राक्षस. पण खरी गंमत पुढेच. जुन्या कॅसेटमधले राक्षस वायरीतून नव्या कॅसेटमध्ये नेता येतात. आणि तिथे ते खिशात बसून राहत नाहीत, आपण जाऊ तिथे मागून चालत येतात.

"चालत?" इराने विचारलं.

"चालत. तू थांबलीस की थांबतात. वळून बघितलंस की बघतात तुझ्याकडे."

इराचा चेहरा असा उजळला की कमलाकर बघतच राहिला. किती दिवसांनी!

अट एवढीच होती की नव्या खेळात बरंच पुढे, एका गावापर्यंत पोचायचं. त्या गावात हे अदलाबदलीचं यंत्र. तोवर वायर लावून उपयोग नाही. गुरुदत्त आठवड्याने बोटीवर परत गेला आणि इरा कामाला लागली. शाळा, अभ्यास, आणि मग तो खेळ. नव्या राक्षसांकडे तिचं लक्षही नव्हतं. तिला फक्त ते गाव गाठायचं होतं.

एका संध्याकाळी ती आपणहून बापासमोर येऊन उभी राहिली. "बाबा, गाव आलं की दुसरा डबा कोणीतरी धरावा लागेल. दोन्हीकडची बटणं बरोबरच दाबायची असतात. तुम्ही धराल?"

धराल का म्हणजे काय! कमलाकरला वाटलं, कोणीतरी आपल्याला आत बोलावलं. "धरतो की," तो म्हणाला.

मग त्याची शिकवणी सुरू झाली. हे बटण हो, हे नको, हे पुढे. तो डबा दोन्ही हातांनी असा घट्ट धरायचा की जणू ताटलीत काठोकाठ तीर्थ आहे.

"बाबा, उलटा धरलाय."

"असं होय."

"आता बटणांकडे बघू नका, माझ्याकडे बघा. मी 'हं' म्हटलं की दाबायचं."

"म्हणजे ही बदलीच म्हण की," तो म्हणाला. "जुन्या ऑफिसातला सगळा स्टाफ नव्या ऑफिसात."

"हो. सर्व्हिस सगळी धरून," इरा म्हणाली आणि हसली. खरंच हसली! स्वयंपाकघरातून साळू पदराला हात पुसत बाहेर आली. "हासली गो बाय! सायेब, आता हिला अशीच ठेवा. नाय तर पोर आतल्या आत सुकल." कमलाकरने मान हलवली. त्याला दुसरं काही नकोच होतं. आईचे राक्षस लेकीच्या मागून चालू लागले की हे घर पुन्हा चालेल, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. वेडगळ म्हणा हवं तर. पण बुडत्याला काडी पुरते.

गाव रविवारी येणार असं इराने सांगितलं. आणि बुधवारी कुठल्याशा बंदरातून गुरुदत्तचा फोन आला.

"भाऊजी, तिला म्हणावं रेंगाळू नकोस. जुन्या कॅसेटच्या आत एक चपटा सेल असतो. सगळं त्याच्या जोरावर लक्षात राहतं. सेल संपला की खलास, सगळे गेले."

"रविवारी गाव येतंय म्हणाली. तोवर संपेल का?"

"आज नाही संपणार हो. पण कधीतरी संपणारच ना! बरं, ताप नाही ना कोणाला? ठेवतो, इथे मिनिटाला पैसे कापतात."

गुरुदत्तने फोन ठेवला आणि इकडे कमलाकरच्या डोक्यात किडा सोडला. त्यात त्या दिवसांत पेपरवाल्यांनी धुमाकूळ घातला होता: एकतीस डिसेंबरच्या रात्री जगातली सगळी यंत्रं गोंधळणार, बँका बंद, विमानं बंद. कमलाकर रात्री कूस बदलत राहिला. आज नाही संपणार. कशावरून? सुमतीचं पण असंच म्हणत होतो आपण. आज काही होत नाही, पुढच्या आठवड्यात दाखवू. रविवारी पोर वायर लावायला बसली आणि शनिवारीच तो सेल मेला तर? माहीत असून हात बांधून बसायचं? पुन्हा?

इराला विचारावं, असं एकदा मनात आलं. पण ती घाबरेल. आणि खरं सांगायचं तर त्याला तिच्यासाठी काहीतरी स्वतःच्या हाताने करायचं होतं. गुपचूप. मग रविवारी सांगायचं, बघ, तुझ्या बापाने आधीच तजवीज करून ठेवली. शहाणपण नडतं ते असं.

शुक्रवारी त्याने अर्धी रजा टाकली. इरा शाळेत होती. पावडरच्या डब्यातून कॅसेट काढली, रुमालात गुंडाळली, आणि रिक्षाने जुन्या पनवेलला लाईन आळीत महादेव घड्याळवाल्याकडे गेला. घरातल्या सगळ्या घड्याळांचे सेल महादेवच बदलायचा.

महादेवने कॅसेट उलटसुलट करून पाहिली. "हा कुठला हरामखोर स्क्रू घातलाय? आपल्याकडं नाही असला." पण गडी हिकमती. त्याने बॉलपेनचं बूड काडीवर वितळवलं, स्क्रूवर दाबून धरलं, थंड झाल्यावर फिरवलं, आणि कॅसेट उघडली. आत हिरवी पट्टी आणि तिच्यावर डागलेला एक चपटा, चकचकीत सेल. महादेवने मीटरच्या सुया टेकवल्या.

"पोंक्षेसाहेब, यात अजून जीव आहे की! चांगला आकडा दाखवतोय. दोन-तीन वर्षं मरण नाही याला. राहू दे का?"

कमलाकरने क्षणभरसुद्धा विचार केला नाही. "नको. काढा."

आता तुम्ही म्हणाल, काय हा माणूस! पण त्याच्या जागी उभं राहून बघा. टेपरेकॉर्डरचे सेल आपण बदलतो तेव्हा कॅसेटमधली गाणी पुसली जातात का? घड्याळाचा सेल काढला तर काटा थांबतो, नवा घातला की आपण वेळ लावतो आणि गाडी पुढे सुरू. जुना काढायचा, नवा घालायचा, यात काही जातं हे त्याला उभ्या आयुष्यात कोणी शिकवलं नव्हतं. महादेवलाही नव्हतं. महादेवने डाग तापवून जुना सेल उपटला, टेबलाखालच्या डब्यात टाकला, आणि मन लावून नवा डागला. "आता पाच वर्षं बघायला नको," तो म्हणाला. कमलाकर इतका खूश की येताना त्याने रविवारसाठी बालुशाही घेतली.

कॅसेट डब्यात जागच्या जागी गेली. शुक्रवार-शनिवार इराने ती चालू करून पाहिली नाही. ती नव्या खेळातच बुडालेली होती. शनिवारी दिवेलागणीला ती ओरडत बाहेर आली, "बाबा, आलं! गाव आलं!" कमलाकरने तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तिने तो ठेवू दिला.

रविवारी सकाळी आंघोळी उरकून दोघं सतरंजीवर बसली. वायर लावली. नवा भाग इराच्या हातात, जुना कमलाकरच्या.

"बाबा, चालू करा. वरची ओळ येईल, तिच्यावर 'हो' दाबा. घाई नको."

कमलाकरने डबा चालू केला. सूर वाजला, चित्र आलं, मग जपानी अक्षरं. "आली," तो म्हणाला. "एकच ओळ आहे. दाबू?"

"एकच?"

तिने डबा त्याच्या हातातून घेतला. बंद केला, चालू केला. कॅसेट काढली, फुंकर मारली, घातली. एकच ओळ. नव्याने खेळ सुरू करा, एवढंच सांगणारी. तिने पुन्हा कॅसेट काढली आणि उलटी केली. मागचा स्क्रू खरवडून पांढरा झाला होता.

"ही कोणी उघडली?"

"मी," कमलाकर म्हणाला. अजूनही तोंडावर हसू होतं बिचाऱ्याच्या. "म्हणजे महादेवने. सेल बदलून आणला आतला. मामा म्हणाला होता ना... आता पाच वर्षं..." आणि मग त्याला तिचा चेहरा दिसला.

ती रडली नाही. कॅसेट मांडीवर ठेवून नुसती बसून राहिली.

"अगं, पण नवा घातलाय. नवा आहे तो. जुना परत बसवला तर? जुना आहे महादेवकडे. चांगला होता, त्याने मोजला होता. थांब तू. मी आलोच." इराने मान वर केली. "बाबा, तसं नसतं," ती म्हणाली, पण हा ऐकतोय कुठे. तिच्या मांडीवरची कॅसेट उचलून, चपला अर्ध्यामुर्ध्या अडकवून तो जिना उतरलासुद्धा.

महादेवचं दुकान रविवारी बंद. कमलाकरने त्याला घरातून उठवून आणलं, शटर अर्धं उघडायला लावलं आणि टेबलाखालचा डबा जमिनीवर उपडा केला. शे-दोनशे चपटे सेल घरंगळले. सगळे सारखे. त्यांत हा गुडघे टेकून एकेक उचलून बघू लागला, चाळणीतून खडे वेचावे तसा.

"साहेब, अहो साहेब," महादेव घाबरून म्हणाला, "सेलात काय असतंय? नुसता करंट. त्यात माणसं थोडीच बसलेली असतात!"

तरी कमलाकरने एक शोधला, डागाची खूण असलेला. महादेवने निमूट तो परत डागून दिला. कमलाकर घरी आला, स्वतःच कॅसेट घातली, डबा चालू केला. सूर वाजला. एकच ओळ.

तेवढ्यात फोन वाजला. गुरुदत्त. रविवार ठरलेला होता, त्याच्या लक्षात होतं. इराने उचलला.

"हो मामा," ती म्हणाली. "हो, आले सगळे. नाही, एक पण नाही राहिला. चालतायत ना, मागून चालतायत." थोडं ऐकून घेतलं. "बाबांनीच धरला दुसरा डबा. छान धरला." मग फोन ठेवला.

कमलाकर पलंगाच्या कडेवर टेकला. "खोटं का बोललीस?"

"मामा तुम्हाला बोलला असता."

"बोलू दे ना! तू तरी बोल. इरा, ओरड माझ्यावर. काहीतरी म्हण."

"कशाला?" इरा म्हणाली. "तुम्ही मुद्दाम नाही केलंत." हे तिने अगदी शांतपणे म्हटलं. पोर रागावली असती तर त्याने पाय धरले असते तिचे. रागाला निदान धरायला काहीतरी असतं. इथे सगळं आवरून, पुसून ठेवलेलं होतं. ती वायरीची गुंडाळी करायला लागली.

तेव्हा कुठे त्याने विचारलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. "कोण कोण होतं त्यात?"

इराने गुंडाळी करता करता सांगितलं. "ढेमसं. चिमटा. मुरांबा, तो आगीचा होता. कमळाबाई, वरच्या मजल्यावरच्यांसारखं तिला पाण्यावरून भांडता यायचं म्हणून." ती थांबली. "आणि कमलाकर."

"कोण?"

"कमलाकर. कासवासारखा होता एक. तो आईने एकटीने वाढवला. मला हात लावू द्यायची नाही. लढाईत सगळ्यात पुढे त्यालाच ठेवायची, आणि तो हरायचा. त्याची पाळी येईपर्यंत सगळं संपलेलं असायचं. मी म्हणायचे, आई, काढ ना याला, किती चांगले चांगले आहेत आपल्याकडे, बदल की. तर म्हणायची, 'नाही गं. वेळेवर हलत नाही मेला, पण आपला आहे. याला नाही बदलायचं.' शेवटच्या दिवशी पण तोच पुढे होता."

कमलाकरने तोंडावर हात दाबून धरला, पण रडं थांबेना. मोठ्या माणसाचं रडणं वाईट, घर भरून टाकतं. इरा आत गेली, माठातलं पाणी भांड्यात घेऊन आली, पाहुण्याला द्यावं तसं खाली बशी धरून त्याच्या पुढे केलं, आणि त्याचं पिऊन होईपर्यंत तिथेच उभी राहिली.